अकरा घासलेल्या चौकटी

४ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

पत्राच्या वरती आशीर्वाद लिहायचे असतात. पण सध्या तू माझ्याकडून काही घेत नाहीस, म्हणून ते जपून ठेवतो. तुझा फोन मला लागत नाही. वहिनीला लागतो. तिने तसं सांगितलेलं नाही, पण हल्ली ती गच्चीवर जाऊन बोलते आणि खाली आली की म्हणते, कपडे वाळत घालत होते. लॉन्ड्रीवाल्याची बायको गच्चीवर कपडे वाळत घालते! असू दे. घरात एकाचा तरी फोन लागतोय, तेवढंच.

इकडचं ठीक आहे. तीन नंबरचं मशीन परवा खाकरायला लागलं. मेकॅनिक म्हणाला, पट्टा गेलाय. मी ऑफिसातूनच ओरडलो, "बेअरिंग!" त्याने उघडलं तर बेअरिंगच. मला म्हणतो, "मालक, तुम्ही कानाने बघता." मावशींचा गुडघाही वाजतो, पण त्याचं बेअरिंग बाजारात मिळत नाही. तरी सकाळी सगळ्यांच्या आधी हजर असतात आणि मला उशीर झाला की घड्याळाकडे बघून खोकतात. तीस वर्षं त्यांचा हा खोकला बरा झालेला नाही.

पाणी मात्र निम्म्यावरच आहे. पाणीपुरवठ्याने तोडलं ते तोडलं. दोन पाळ्यांची एक केली, चाळिसांतल्या नऊ जणांना घरी बसवलं. हे तुला टोचायला लिहीत नाही. तुझ्या चौकटी चालल्या ते सात आठवडे आपण धुण्याचं पाणी त्यातून गाळून पुन्हा धुण्याला घेत होतो, आणि पाण्याची टंचाई आहे हे विसरायला झालं होतं. पुढे नाही चालल्या. नवीन वस्तू आहे, होतं असं. तुझा तो काळा लेप कापडावरून सुटला, त्याला तू तरी काय करणार आणि मी तरी काय करणार.

पत्र लिहायला निमित्त असं की तुझ्या संस्थेचा एक कागद आलाय. 'प्रयोगाच्या काळात चौकटींना कोणीही हात लावला नाही, त्या साफ केल्या नाहीत, घासल्या नाहीत' असं त्यावर छापलंय. खाली माझं नाव आणि सहीसाठी रेघ. २१ तारखेला तुमची समिती बसणार आहे, त्याआधी द्यायचाय. साधा कागद दिसतो. सही करून टाकतो. करू ना?

हो-नाही काही कळवलंस तर बरं. नाही कळवलंस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण चालवून घेईन.

दादा

९ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

काल संस्थेतले एक गृहस्थ तो कागद न्यायला आले. चकचकीत बूट. आमच्या ओल्या फरशीवरून बगळ्यासारखे एकेक पाय उचलत आले. मी म्हटलं, "बसा, चहा सांगतो." मी आत वळलो आणि त्यांनी फोन लावला. लोकांना वाटतं, मशीन सुरू असली की आपलं बोलणं कुणाला ऐकू जात नाही. अगं, या गोंगाटात इतकी वर्षं काढली की मशीन ऐकू येईनाशी होतात. मग उरतात ती माणसंच.

ते म्हणत होते, "हो हो, सही घेऊनच येतो. एकदा ही सही मिळाली की बाईंचा विषय संपला. लेप आपोआप सुटतो म्हटल्यावर जबाबदारी कोण घेणार? उद्या रोग्यांच्या चादरीत गेला म्हणजे? विभाग बंद. त्यांना भांडारात बसवतील, बाटल्या मोजायला."

मुंगे, मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं, एक प्रयोग फसला, तू दुसरा करशील. दहा वर्षं एकाच गोष्टीमागे लागलेलं माणूस एका सहीने भांडारात जातं, हे मला कुठून कळणार?

चहा घेऊन बाहेर आलो. ते म्हणाले, "सही?"

मी म्हटलं, "चष्मा घरी राहिला."

ते माझ्या नाकाकडे बघत राहिले. चष्मा नाकावरच होता.

"हा लांबचा आहे," मी म्हटलं. "जवळचा घरी."

चहा पिऊन गेले. गुरुवारी परत येतो म्हणाले.

आता तुला एक सांगायला हवं. सांगायचं राहून गेलं होतं. मावशींनी एकदा त्या चौकटी पुसल्या होत्या. सहज, ओल्या फडक्याने. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. काळं दिसलं की पुसायचं, ही लॉन्ड्रीतल्या हाताची खोड. मलाही ते फार उशिरा कळलं. एवढ्याने काही लेप जात नसेल ना? तू शिकलेली, तुला माहीत. जात असेल तर तसं तुझ्या वरिष्ठांना कळव. फक्त माझं नाव मध्ये आणू नकोस. हॉस्पिटलशी आपला करार आहे, त्यात पाणी शुद्ध करायच्या साधनाबद्दल एक कलम आहे. उगाच त्यांच्या कानावर नको.

वहिनी बरी आहे.

दादा

१२ फेब्रुवारी

मुंगे,

नऊ तारखेचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. नसेल मिळालं तर मिळाल्यावर फाड.

ते टपालात टाकून घरी आलो आणि जेवताना वहिनीला म्हटलं, "तिला लिहिलं बरं का. मावशींनी चौकटी पुसल्याचं कळवून टाकलं."

तिने हातातला डाव पातेल्यात ठेवला. "कुणी पुसल्या?"

"मावशींनी. म्हणजे थोड्याशा."

"अहो, त्या चाळीस माणसांत तुम्हाला अडवणारी ती एक बाई. तिच्याच नावावर खपवलंत?"

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"मावशींनी. त्याच आठवड्यात. पाच महिने मी गप्प आहे."

"मग तू मुंगीला का नाही सांगितलंस?"

"मी सांगितलं तर ती चहाडी. तुम्ही सांगितलं तर ती कबुली. वाट बघत होते. तिच्या नोकरीवर आलंय हे मला ठाऊक असतं तर चहाडीसुद्धा केली असती." एवढं बोलून ती ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. तीस वर्षांत ती एकटी जेवल्याचं मला आठवत नाही.

तर जे झालं ते असं.

चौकटी बसवून सात आठवडे झाले होते. हॉस्पिटलच्या मेट्रनबाई दुसऱ्या दिवशी लॉन्ड्री बघायला येणार असा निरोप आला. आपल्या निम्म्याहून जास्त चादरी त्यांच्या. कुणी येणार म्हटलं की माणूस काय करतो? घासतो. फरशा घासून घेतल्या, नळ घासले, मशीनच्या काचा पुसल्या. मग टाकीचं झाकण उघडलं. आत तुझ्या बारा चौकटी, चुलीमागच्या भिंतीसारख्या काळ्याकुट्ट. तू मला समजावलं होतंस. तो काळेपणा म्हणजेच काम करणारी वस्तू, एका केसाचे उभे ऐंशी हजार भाग केले तर त्यातला एक भाग, एवढ्या जाडीच्या कोळशाच्या नळ्या, त्यांच्यात मळ अडकतो आणि पाणी पुढे जातं. मी मानही डोलावली होती. पण मुंगे, मी जन्मभर एकच काम केलंय. काळं दिसलं की पांढरं करायचं. डोक्याला तू सांगितलं होतंस, हातांना कुणी सांगितलं नव्हतं.

मावशी म्हणाल्या, "मालक, ताईंनी हात लावू नका म्हटलंय. पाटीसुद्धा लावलीय."

मी म्हटलं, "पाटी बाहेरच्यांसाठी असते, मावशी."

ब्लीचच्या पाण्यात बुडवल्या आणि कॉलरच्या ब्रशने घासल्या. कॉलरच्या ब्रशचे केस कसे असतात, तुला ठाऊक आहे. लहानपणी तुझे गुडघे मी त्यानेच घासायचो आणि तू गल्ली डोक्यावर घ्यायचीस. दोन तास मी स्वतः घासत होतो. काळं पाणी गटारात गेलं. ते कुठे जाईल, कुणाला बाधेल, हा विचार शिवलासुद्धा नाही. अकरा चौकटी पांढऱ्याशुभ्र निघाल्या. बारावी मागच्या पाइपच्या कोपऱ्यात अडकली होती, निघेना. मी म्हटलं, राहू दे, मागे आहे, बाईंना दिसणार नाही. पाहुण्यांना दिसतं तेवढंच घासायचं, हीही आपली जुनी रीत.

चौकटी परत बसवल्या आणि पंप सुरू केला. आधी त्यातून पाणी झिरपायचं, झोपलेल्या बाळाचा श्वास असावा असा आवाज. आता धो धो पडायला लागलं. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बघा, कसं मोकळं झालं!"

पण माझे कान मला ठाऊक आहेत. चाळणी फाटली की पीठ भराभर खाली येतं. त्याच क्षणी मला ऐकू आलं होतं.

मेट्रनबाई आल्या, खूश होऊन गेल्या. पुढचे नऊ दिवस तेच पाणी तोच मळ घेऊन फिरत राहिलं. मग फेस राहायला लागला, वास यायला लागला, चादरी राखी पडल्या. हॉस्पिटलचा फोन आला आणि मी घाबरलो. घाबरून तुझ्या संस्थेला लिहिलं की यंत्र कुचकामी आहे.

तू आलीस. झाकण उघडायच्या आधीच थबकलीस आणि म्हणालीस, "दादा, पाणी एवढ्या जोरात का पडतंय? चौकटींना कुणी हात लावला का?"

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "कुणी नाही."

तू एक चौकट बाहेर काढलीस, उजेडात धरलीस, बोट फिरवलंस आणि स्वतःशीच म्हणालीस, "म्हणजे माझा लेपच सुटला." लेपावर संशय घेतलास. भावावर घेतला नाहीस. तेव्हाही मला बोलता आलं असतं. मी मात्र चोर तो वर शिरजोर. माझ्या हातांची सालं निघाली तेव्हा तू शिकलीस आणि माझ्याच धंद्यावर पाणी फिरवलंस, असं म्हणालो. ते तुझ्या कानात अजून असेल. माझ्या तर आहेच.

चौकटी मी घासल्या. दुसऱ्या कुणी नाही.

दादा

१६ फेब्रुवारी

मुंगे,

गुरुवारी ते बुटवाले आले. मी सही केली नाही. "एकवीसला मी स्वतः येतो, समितीला तोंडी सांगतो," म्हटलं. ते म्हणाले, "तशी पद्धत नाही." मी म्हटलं, "मग पद्धतीला म्हणावं, एक लॉन्ड्रीवाला येतोय, जागा सोड."

पण नुसतं जाऊन 'मी घासल्या' म्हटलं तर विश्वास कोण ठेवणार? भाऊ बहिणीला वाचवतोय म्हणतील. या विचारात मशीनजवळ उभा होतो, तर मावशी म्हणाल्या, "मालक, ती मागची अजून तिथेच आहे ना?"

मी खुळ्यासारखा बघत राहिलो. तुझ्या संस्थेची माणसं चौकटी न्यायला आली तेव्हा त्यांनाही ती बारावी निघाली नव्हती. 'राहू द्या, अकरा पुरेत' म्हणून गेली होती. मी पाइपचा कोपरा कापला आणि चौकट मोकळी केली. काळीकुट्ट. पहिल्या दिवसासारखी. दिवसभर साध्या पाण्यात भिजवली, मग पहिल्या धुण्याचं गढूळ पाणी वरून सोडलं. अर्धी बादली भरायला पाऊण तास लागला. खाली आलं ते काचेसारखं. आणि तोच आवाज, श्वासाचा. मी नकळत चौकटीच्या कडेवरचा फेस पुसायला हात पुढे केला, तर मावशी म्हणाल्या, "मालक, हात खिशात." पाणी बाटल्यांत भरून सील केलंय. चौकट ओल्या चादरीत गुंडाळून ठेवलीय.

म्हणजे लेप आपोआप सुटत नाही. हे तुला आता कागदावर दाखवता येईल.

मग सगळ्यांना बोलावलं. घरी बसलेल्या नऊ जणांनाही. म्हटलं, "चौकटी मी घासल्या हे मी समितीला सांगणार आहे."

मावशी म्हणाल्या, "आम्हाला काय सांगता? आम्हीच तर बादल्या ओतल्या."

"मग ताईने विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही 'नाही' म्हणालात. मग आम्ही चाळीस जणांनी काय 'हो' म्हणायचं? ताईंच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून सगळे मशीनकडे बघत होतो."

मला वाटायचं, खोटं मी एकट्याने बोललो. माझ्याकडे काम करणाऱ्या प्रत्येकाला मी ते बोलायला लावलं होतं, तोंड न उघडता.

इस्त्रीवाला म्हणाला, "हॉस्पिटलचं काम जाईल का?"

"जाऊ शकतं."

तोच म्हणाला, "मग नीट तरी सांगा. अर्धवट सांगायचं आणि कामही जायचं, असं नको."

समितीच्या आधी हॉस्पिटलला कळायला हवं, म्हणून काल मेट्रनबाईंकडे गेलो. उभ्या उभ्याच सांगितलं. त्या लिहीत होत्या, त्यांनी पेन खाली ठेवलं.

"त्या नऊ दिवसांत माझ्या तीन रोग्यांच्या पाठीवर पुरळ उठलं. मी तुम्हाला साबण बदला म्हटलं होतं."

"हो."

"तुम्ही बदललात."

"बदलला."

"साबणाचा दोष नाही हे माहीत असून."

"हो, बाई."

त्यांनी पेन परत उचललं आणि म्हणाल्या, "ऑपरेशनच्या चादरी आजपासून तुमच्याकडे येणार नाहीत. वॉर्डच्या चादरींचं वरिष्ठ ठरवतील. मी तुमची बाजू मांडणार नाही. तुम्ही सांगायला आलात, एवढं मात्र लिहीन."

मी दारापर्यंत पोहोचलो तेव्हा त्यांनी विचारलं, "ती तुमची बहीण ना? चौकटीवाली?"

"हो."

"ती आली होती माझ्याकडे, तेव्हाच. माफी मागायला. 'माझ्या लेपामुळे तुमच्या रोग्यांना त्रास झाला, माझ्या भावाला दोष देऊ नका' म्हणाली."

मुंगे, तिथून लॉन्ड्रीपर्यंत मी चालत आलो. गाडी हॉस्पिटलच्या दारातच राहिली. आज माणूस पाठवून आणली.

दादा

२२ फेब्रुवारी

मुंगे,

काल तू खोलीत होतीस, तरी लिहितोय. तू पूर्ण वेळ खिडकीकडे बघत होतीस आणि मध्येच उठून गेलीस, म्हणून उरलेलं सांगायला हवं.

तू गेलीस तेव्हा मी गटाराचं सांगत होतो. किती काळं पाणी सोडलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सहा बादल्या. तुला ते ऐकवलं नसेल. तुझ्या दहा वर्षांची मेहनत मी सहा बादल्यांत भरून सांगत होतो.

नंतर तुमचे ते अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही आधी लेखी कळवलंत की यंत्र कुचकामी आहे. आज म्हणता, मीच घासलं. आम्ही खरं कुठलं मानायचं?"

मी म्हटलं, "साहेब, पहिलं लिहिलं तेव्हा त्यात माझा फायदा होता. आज बोलतोय त्यात तोटा आहे. तुम्हीच ठरवा."

एक बाई हसल्या. अध्यक्ष हसले नाहीत. म्हणाले, "तुम्हाला ब्रशने घासायचं सुचलंच कसं? एवढं बारीक काम, एवढी साधी सूचना!"

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या सूचनेत 'हात लावू नये' एवढंच होतं. आमच्या धंद्यात हात लावू नये अशी वस्तू म्हणजे मळलेली वस्तू, तिलाच आम्ही आधी हात लावतो. चूक माझीच. पण पुढच्या वेळी पाटीवर लिहा, हा काळेपणा म्हणजे मळ नव्हे." त्यांनी ते लिहून घेतलं.

मग मी बाराव्या चौकटीवरची ओली चादर सोडली. ते बुटवाले हात लावायला पुढे आले तर त्यांना म्हटलं, "हात खिशात." बाराव्या चौकटीची तपासणी होणार, लेप जागेवर असेल तर तुझा विभाग राहणार आणि पुन्हा तीन महिने प्रयोग होणार, असं ठरलं. कुठे करायचा ते तू ठरवायचं.

शेवटी मी त्यांना एक जास्तीचं सांगितलं, ते कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, मी हिला शिकवलं असं मी लोकांना सांगत आलो. खरं असं की मी कपडे धुतले. शिकली ती. आणि त्या दिवशी चाळीस माणसांसमोर मी ते तिच्या तोंडावर फेकलं, ते इथे तुमच्यासमोर परत घेतो.

बाहेर आलो तेव्हा जिन्यात तू नव्हतीस.

दादा

६ एप्रिल

चि. मुंगीस,

हे पत्र तू सांगितलेल्या नियमाप्रमाणे आहे, म्हणून उघडशील असं धरून चालतो.

प्रयोग तू परत इथेच करशील असं मला वाटलं नव्हतं. वहिनी म्हणते, तू तो माझ्यासाठी नाही, मावशींसाठी आणलास. तसंच असावं. चौकटी बसवायला तीन दिवस आलीस, मावशींशी तासन् तास बोललीस, इस्त्रीवाल्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केलीस, आणि मला फक्त एकदा म्हणालीस, "जरा बाजूला." मी झालो.

टाकीभोवती पिवळी रेघ मारून दिलीस. तिच्या आत फक्त मावशी. त्यांना हातमोजे, आणि त्यांच्या सहीशिवाय झाकण उघडायचं नाही. मावशींना सही नीट येत नव्हती. चार दिवस गिरवली. आता बिलावर, चहाच्या पेल्याखालच्या कागदावर, जिथे तिथे करत असतात. परवा मी चुकून रेघेवर पाय ठेवला तर खोकल्या. टाकीवर नवीन पाटीही लागली. 'हा काळेपणा म्हणजे मळ नव्हे.' खाली मावशींनी सही केलीय.

वॉर्डच्या चादरी परत सुरू झाल्या. ऑपरेशनच्या नाहीत, आणि मी विचारायलाही गेलो नाही. घरी बसवलेल्यांपैकी पाच जण कामावर आले. चौघांना अजून सांगता येत नाही.

तर दर रविवारी पाण्याचा गढूळपणा मोजून मालकाने स्वतःच्या हाताने लिहून, सही करून तुला पाठवायचा, असं तुझ्या कागदावर आहे. आणि खाली तुझ्या अक्षरात: 'आकडा एकच्या वर गेला तर मी लगेच फोन करीन.'

'फोन करीन' हे दोन शब्द मी चार वेळा वाचले.

आज सकाळी मावशींनी नळी पाण्यात धरली, यंत्रावर आकडा आला. मी पेन घेऊन बसलो. मुंगे, तुला खरं सांगतो, माझ्या मनात १.६ लिहायचं होतं. कुणाचं काय बिघडणार होतं? तू लगेच फोन केला असतास. रागावली असतीस, काय केलंस रे दादा म्हणाली असतीस, मी ऐकून घेतलं असतं. नंतर म्हटलं असतं, अगं, आकडा वाचायला चुकलो, म्हातारा झालो. जवळचा चष्मा घरी राहिला होता.

मावशी म्हणाल्या, "काय एवढा विचार करताय?"

मी म्हटलं, "काही नाही. टिंब कुठे द्यायचं ते बघतोय."

आठवडा पहिला. गढूळपणा ०.४.

दादा